वर्षाचे धान्य एकदम भरावे की महिन्याचे महिन्याला?

प्रश्न (ऐरोली)
आम्ही घरात चौघे आहोत. महिन्याला साधारण १० किलो गहू, ८ किलो तांदूळ आणि ३ किलो तूरडाळ लागते. या वर्षी मे महिन्यात वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, जाऊन वर्षाची बेगमी करावी, असा विचार आहे. मात्र घर वन बीएचके असून स्वयंपाकघराची एक भिंत पावसाळ्यात ओल धरते. मागे स्वस्त मिळाला म्हणून १० किलो रवा आणला होता. श्रावणात डबा उघडला तर रव्याला जाळी धरली होती आणि निम्म्याहून अधिक टाकून द्यावा लागला. खरोखर घाऊक घेण्याजोगे काय आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)
रवा, मैदा, बेसन, पोहे आणि शेंगदाणे घाऊक घेऊच नयेत. दळलेले वा सोललेले जिन्नस आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात, आणि शेंगदाण्यांना खवट वास येतो तो वेगळाच. अख्खा गहू मात्र कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या पत्र्याच्या पिंपात कडुनिंबाच्या सुकवलेल्या पाल्यासह भरला, तर वर्षभर टिकतो. गरम गहू भरल्यास झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. तांदळाचा तर साठवल्याने फायदाच होतो, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तर जुन्याचा मोकळा. आमच्या सासूबाई तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळून ठेवत. मीही तेच करते आणि शिजवण्याआधी डाळ दोनतीनदा कोमट पाण्याने धुते. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या, विशेषतः गोदामात वापरतात त्या, घरात कृपया आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो.

तुमच्या घरात ओल आहे, म्हणून वर्षाचे न भरता चार महिन्यांचे भरा, पिंप त्या भिंतीपासून हातभर दूर, लाकडी पाटावर ठेवा.

उत्तर (कोपरखैरणे)
वरील सल्ला योग्यच आहे. मी हिशेबाचे सांगतो. तेलाच्या डब्यावर १५ लिटर लिहिले आहे की १५ किलो, हे आधी पाहावे. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोच तेल असते आणि नुसती डब्याची किंमत पाहणारा फसतो. पाकिटांवर छापलेला प्रतिग्रॅम वा प्रतिकिलो दरही वाचावा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. दाणाबंदरातला भाव विचारताना पोत्याचे वजन, हमाली आणि घरापर्यंतचे टेम्पोभाडे धरूनच किलोचा दर काढावा. आम्ही मजल्यावरची चार कुटुंबे मिळून पोती आणतो, ताणकाट्यावर वाटून घेतो, आणि भाडे चौघांत विभागले जाते. एकट्याने ५० किलो आणून तीच बचत होत नाही.

प्रश्नकर्ती (ऐरोली)
आपणा दोघांचे मनापासून आभार. शेजारच्या दोन घरांशी आजच बोलले. गहू आणि तांदूळ मिळून आणायचे ठरले आहे, तूरडाळ मात्र दोन महिन्यांचीच घेईन. रवा यापुढे अर्धा किलोच, आणि तोही आणल्या दिवशी भाजून.