बंगल्याच्या पार्किंगला इपॉक्सी कशाला?

इंदिरानगरकर:
नाशिकला आमच्या लेनमध्ये सध्या पार्किंगच्या कोब्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा कडक प्लॅस्टिकसारखा थर, मारून घ्यायची लाट आलीय. चकचकीत करडा रंग, वर रंगीत चिप्स, फोटोत शोरूमच वाटतं. माझं मत: जमिनीला टेकलेल्या जुन्या कोब्यावर हे करूच नये. जुन्या बंगल्यांत पीसीसीखाली (कोब्याखालचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) प्लॅस्टिक अंथरलेलं क्वचितच सापडतं. त्याखाली काळी माती असेल तर ती पावसाळाभर पाणी धरून बसते. ओल वर चढते, उघड्या कोब्यातून उडून जाते. इपॉक्सीखाली तिला वाटच नाही. आधी फोड, मग पोपडे. कोटा फरशी बसवा, नाहीतर पार्किंग टाइल, अन् मोकळे व्हा.

अंबडचा फोरमन:
साहेब, आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये इपॉक्सीवरून रोज फोर्कलिफ्ट फिरते. पोपडे सुटतात ते बहुतेक वेळा तयारीत चोरी केल्यामुळे. कोब्यावर सिमेंटची कच्ची साय असते, ती ग्राइंडरने काढावी लागते. पृष्ठभाग हाताला खरखरीत लागला पाहिजे. मग व्हॅक्यूम, तेलाचे डाग साफ, भेगा भरणं, प्राइमर. घरगुती कामात काय होतं? ॲसिड टाकून धुतात, नीट सुकूही देत नाहीत अन् रोलर फिरवतात. नीट बसलेलं इपॉक्सी उखडायला गेलात तर कोब्याचा टवका घेऊन निघतं.

इंदिरानगरकर:
फोरमनसाहेब, तुमच्याकडे डोक्यावर शेड आहे, वर दोन-तीन मिलिमीटरचा थर. आमच्याकडे पाण्यात मिसळायच्या पातळ इपॉक्सीचे दोन हात मारतात आणि त्यालाही 'इंडस्ट्रियल' म्हणतात. त्यात पार्किंग तीन बाजूंनी उघडं. एप्रिल-मेच्या उन्हात रंग पिवळा पडतो, मग पांढरी भुकटी सुटते. कसारा घाट चढून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. गाडी उभी राहते तिथेच चार चट्टे निघतात.

कॉलेज रोडची ताई:
पिवळं पडायचं म्हणाल तर त्यावर पॉलियुरेथेनचा टॉपकोट देतात, तो ऊन सोसतो. आणि कोट्याचं कौतुक फार नको. पॉलिश, सीलर नसेल तर ऑइलचा डाग आत मुरतो, घासून मरा. टाइल खाली पोकळ राहिली की जॅक लावल्यावर तडकते. इपॉक्सीवरचं ऑइल फडक्याने पुसलं जातं. झाडणारीलाच विचारा काय सोपं ते!

पंचवटीचे आजोबा:
आणि पावसात घसरून पडलं की कोणाला विचारायचं? ओल्या छत्र्या, ओल्या चपला, त्यावर हा गुळगुळीतपणा. आमच्या वयाला नको.

कॉलेज रोडची ताई:
काका, इपॉक्सीच्या ओल्या थरावर क्वार्ट्झची बारीक वाळू पेरतात, वरून पुन्हा हात देतात. पाय धरून राहतो. झाडू जरा अडकतो, एवढंच.

अंबडचा फोरमन:
ओलीचा मुद्दा मात्र मान्य. त्याची परीक्षा फुकटात होते. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक कोब्यावर चारही कडांनी टेपने पक्कं चिकटवा, किमान 16 तास ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला असेल तर काम थांबवायचं. नवीन कोबा असेल तर आधी 28 दिवस जाऊ द्या.

इंदिरानगरकर:
परीक्षा चांगलीये, पण ठेकेदार ती मेमध्ये करतो! तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत, सगळेच पास. श्रावणात झड लागल्यावर चिकटवून दाखवा.

अंबडचा फोरमन:
बरोबर. म्हणूनच चाचणी पावसाळ्यात आणि काम दिवाळीनंतर. श्रावणातही प्लॅस्टिकखाली कोरडं निघालं तर बिनधास्त मारा. ओल दिसली तर मीच म्हणेन कोटा बसवा.

इंदिरानगरकर:
तोवर ठेकेदाराने ॲडव्हान्स घेतलेला असतो, त्याचं काय?