मदत हवी आहे: घरच्या बासमतीचा वास हरवतोय

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमचं दीड एकर भात. बेळगाव बासमतीचं बियाणं आजोबांपासून घरचंच, पण दोन-तीन वर्षं शिजताना पूर्वीचा घमघमाट येत नाही. पीकही उंच-ठेंगणं दिसतं. शेजारी सगळा इंटाण (भाताचा बिनवासाचा वाण) आहे. तरी भातात परपरागीभवन (एका रोपाचे पराग दुसऱ्यावर जाणं) साधारण १ टक्क्याच्या आतच, म्हणून मला मळणीतल्या भेसळीचाच संशय येतो.

त्यात सुवासाचा गुण अप्रभावी, संकर झालेल्या रोपात तो दबूनच राहतो. यंदा वेगळी दिसणारी रोपं उपटून १०० लोंब्या निवडणार आहे. पुढच्या वर्षी एका लोंबीची एक ओळ.

वासाचं रोप शेतातच कसं ओळखायचं? जुनं, शुद्ध बियाणं वडगाव-शहापूरकडे कुणाकडे आहे का? मूठभर मिळालं तरी चालेल. आजीला तो भात पुन्हा खाऊ घालायचाय.