मदत हवी आहे: सामाईक भिंतींच्या घरांजवळ कोळशाची शेगडी

सर्वांना सविनय नमस्कार.

आम्ही बेळगावच्या वडगाव भागात राहतो. आमच्या ओळीतील घरांच्या भिंती सामाईक आहेत, छपरे मंगळुरी कौलांची व वासे लाकडी आहेत, आणि शेजारी यंत्रमाग असल्यामुळे सुताची बाचकी बारा महिने त्याच भिंतीला लागून रचलेली असतात. अलीकडे एका भाडेकरू कुटुंबाने मागच्या परसात, पत्र्याच्या शेडखाली, जाळीची शेगडी पेटवून कणसे व कोंबडी भाजण्यास सुरुवात केली आहे. परवा एक ठिणगी वाळत घातलेल्या चादरीवर पडली. चादर तेवढी गेली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माणसे भली आहेत, त्यांचा आनंद हिरावून घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही.

अमेरिकेतील एन.एफ.पी.ए. (राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना) या संस्थेच्या अग्निसंहितेत, एक-दोन कुटुंबांची घरे वगळता इतर इमारतींच्या सज्जात, पुढे आलेल्या छताखाली किंवा बांधकामापासून 10 फुटांच्या आत अशी शेगडी पेटवण्यास मनाई आहे. आमचे परसच जेमतेम तेवढे रुंद आहे.

आपल्याकडे महानगरपालिकेचा किंवा अग्निशमन दलाचा असा काही नियम लागू होतो का? राखेखालचे निखारे कित्येक तास धगधगत राहतात, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवण्यास सांगितले आहे. वाळूची बादलीही ठेवली आहे. आणखी काय करावे? अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागल्यास कोणी मसुदा तपासून देईल का?