कुलाबा लोकसभा: पनवेल-उरणचे जुने निकाल कुठे सापडतात?

कामोठेकर: पनवेल-उरण आता मावळ लोकसभेत. त्याआधीचे निकाल हवेत. ‘रायगड’ टाकलं की २००९च्या मागे काही नाही, ‘कुलाबा’ टाकलं की मुंबईची विधानसभा समोर येते.

खाडीकाठ: जिल्ह्याचा १ जानेवारी १९८१ला रायगड झाला, पण लोकसभेची पाटी २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत कुलाबाच राहिली. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत वर्षवार बघा. १९५२ आणि १९५७चे निकाल मुंबई राज्याखाली, १९६२पासून महाराष्ट्राखाली. रोमन स्पेलिंग ‘के’ने सुरू होत असेल तर आपला कुलाबा, ‘सी’ने असेल तर मुंबईचा.

जुनी_मतपेटी: यादी वाचण्यासारखी आहे. १९५२ला चक्क देशाचे अर्थमंत्री, चिंतामणराव देशमुख. पुढच्याच खेपेला शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) राजाराम राऊत. दि. बा. पाटील १९७७ आणि १९८४. यातलं १९८४ नीट बघा: जानेवारीत जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार, डिसेंबरात देशभर काँग्रेसची लाट, तरी इथे शेकाप. मग काँग्रेसचे अंतुले १९८९, १९९१, १९९६. रामशेठ ठाकूर १९९८, १९९९. शेवटची २००४ पुन्हा अंतुल्यांची.

कामोठेकर: म्हणजे कुलाबा २००४ आणि रायगड २००९ शेजारी ठेवले की झालं?

खाडीकाठ: नाही हो, तिथेच सगळे फसतात. पनवेल, कर्जत, उरण मावळात गेले, तिकडे चिंचवड-पिंपरीची मतं जोडली गेली. रायगडात उलट रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली, गुहागर आले. मतांची वजाबाकी केलीत तर उत्तर चुकणारच. विधानसभानिहाय आकडे घ्या. त्यातही उरण नावाची विधानसभा २००९पासूनची, २००४च्या यादीत ती शोधत बसू नका.

जुनी_मतपेटी: फक्त कामोठ्याचं हवं असेल तर फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय मतं. केंद्र क्रमांकावर विसंबू नका, ते बदलतात. शाळेचं नाव आणि खोली जुळवा. हद्दीची शंका आली तर पुनर्रचनेचा आदेश उघडा, त्यात तालुका, महसूल मंडळ, सजा (तलाठ्याचं कार्यक्षेत्र) असं उतरत्या क्रमाने दिलंय. आणि ऐरोली-बेलापूर यात मिसळू नका. ‘नवी मुंबई’ म्हणून एकत्र धरतात, पण ते ठाणे लोकसभेत.