झोपायची नक्की कोणती पोझिशन चांगली? मान, ॲसिडिटी, घोरणं... सल्ला द्या प्लीज

केवडा:
नमस्कार मंडळी. मला अगदी लहानपणापासून पालथं झोपायची सवय आहे, तोंड एका बाजूला वळवून आणि एक हात उशीखाली घालून. हल्ली सकाळी उठले की मान धरलेली असते, उजव्या हाताला मुंग्या आलेल्या असतात, हात झटकत झटकतच दात घासायला जाते. त्यात मध्यरात्री घशाशी आंबट येऊन जाग येते ते वेगळंच. आई म्हणते डाव्या कुशीवर झोप, एक मैत्रीण म्हणते डावीकडे झोपलं की हृदयावर दाब येतो, उजवीकडेच झोपायचं. नवरा उताणा झोपतो आणि खूप घोरतो, त्याचंही काहीतरी करायचंय. अनुभवी लोकांनी सांगा, कोणाचं ऐकू?

वाटसरू:
ॲसिडिटीपुरतं तरी आईचं ऐका ताई. जठर आपल्या पोटात डावीकडे असतं, त्यामुळे डाव्या कुशीवर झोपलं की जठरातलं आम्ल खाली राहतं आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते ते तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर झोपलात की नेमकं उलटं, ते तोंड आम्लात बुडाल्यासारखं होतं आणि वर आलेलं आम्ल परत खाली जायलाही वेळ लागतो. मला हा त्रास कित्येक वर्षं आहे, गोळी घेतलेली असली तरी झोपेत उजवीकडे वळलो की जळजळीने जाग येतेच.

दुसरं म्हणजे पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंमी उचलून घ्या, खाली मजबूत लाकडी ठोकळे लावून. नाहीतर कमरेपासून वर चढत जाणारी उतरती उशी मिळते ती घ्या. लोक काय करतात, दोन-तीन उशा डोक्याखाली रचतात, त्याने फक्त मान आणि पोट दुमडतं, पोटावर दाब वाढतो आणि आम्ल आणखीनच वर येतं. आणि जेवण झोपायच्या किमान २-३ तास आधी, हे पाळलं नाही तर कूस बदलून फार काही हाती लागणार नाही.

हृदयाचं म्हणाल तर निरोगी माणसाला डाव्या कुशीने काही अपाय होत नाही. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांना डावीकडे झोपल्यावर अस्वस्थ वाटतं, ते आपणहून उजवीकडे वळतात, तिथूनच हा समज पसरला असावा असं मला वाटतं.
(गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळी होत असेल तर मात्र आधी डॉक्टर, कूस-बिस नंतर.)

निळी_शाई:
मी फिजिओ आहे त्यामुळे मान आणि हाताबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पालथं झोपलं की श्वास घेण्यासाठी मान एका बाजूला पूर्ण वळवावीच लागते, आणि ती तशीच तासन्‌तास राहते. जागेपणी कुणी तुम्हाला दहा मिनिटं सतत खांद्यावरून मागे बघायला सांगितलं तर तुम्ही वैतागाल, झोपेत मान तेच करत असते. शिवाय कमरेला बाक येतो तो वेगळा. पण जन्माची सवय एका रात्रीत सुटत नाही आणि जबरदस्ती केली तर झोपच उडते, म्हणून मी पेशंटना मधला मार्ग सांगते. एक लांब उशी किंवा लोड घ्या, कुशीवर झोपा आणि तो छातीशी घट्ट धरून अर्धवट त्याच्यावर रेला, वरचा गुडघाही त्याच्यावरच टाका. पोटाला-छातीला टेकलेलं असलं की पालथं झोपणाऱ्यांना बरं वाटतं आणि मानही फार वळत नाही. तरीही पालथंच झोपायचं असेल तर डोक्याखाली अगदी पातळ उशी किंवा काहीच नको, एक छोटी उशी ओटीपोटाखाली घ्या.

कुशीवर झोपताना उशीची उंची महत्त्वाची. खांदा आणि कान यांच्यामधली जागा नेमकी भरली पाहिजे. घरातल्या कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा, नाक, हनुवटी आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत दिसलं की उशी बरोबर. डोकं गादीकडे झुकलेलं दिसलं तर उशी कमी पडतेय, वर उचललेलं दिसलं तर जास्त होतेय. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळली जात नाही. उताणं झोपणाऱ्यांनी तीच उशी गुडघ्यांखाली घ्यावी, कमरेला लगेच आराम वाटतो.

आता हात. नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर बहुतेक वेळा झोपेत मनगट दुमडून राहतंय आणि तिथली नस दबतेय, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो तो बांधून झोपा. करंगळी आणि शेजारचं बोट असेल तर कोपर जास्त वाकतंय, कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळला तर ते वाकत नाही. हात उशीखाली घालणं दोन्ही बाबतीत बंद. दिवसाही बधिरपणा राहत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर वाट न बघता दाखवून घ्या.

पहाटवारा:
घोरण्याबद्दल लिहितो. उताणं झोपलं की जीभ आणि मऊ टाळू मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून कुशीवर वळवलं की बऱ्याच जणांचं घोरणं कमी होतं. टीशर्टला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिस बॉल ठेवायचा, उताणं झालं की तो टोचतो आणि माणूस आपोआप वळतो, जुना उपाय आहे पण काहींना खरंच लागू पडतो.

पण ताई एक कराच, एखाद्या रात्री जागं राहून त्यांचा श्वास ऐका. घोरणं एकदम थांबतंय, काही सेकंद शांतता आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, असं होतंय का? सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी? असं असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो, त्याची रात्रभराची झोपेची टेस्ट असते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की तो एकदा मोजतात, आणि असे प्रकार तासाला ५ किंवा जास्त झाले की आजार धरतात. दुर्लक्ष केलं तर बीपी वाढतं, गाडी चालवताना डोळा लागू शकतो. माझ्या भावाला सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लागलं, मास्कची सवय व्हायला वेळ गेला पण आता तो दिवसा पूर्ण जागा असतो, घरातल्यांना फरक कळतो.

चाफेकळी:
इथेच विचारते, मला सातवा संपत आलाय. डावी कूसच हवी का? रात्री जाग येते तेव्हा मी उताणी झालेली असते आणि मग भीतीने झोप लागत नाही.

निळी_शाई:
चाफेकळी, अजिबात घाबरू नकोस. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं, डावी किंवा उजवी दोन्ही चालतात. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो म्हणून ते टाळायचं. जाग आल्यावर उताणी दिसलीस तर नुसतं कुशीवर वळायचं आणि परत झोपायचं. पाठीमागे एक उशी लावून ठेव, म्हणजे पूर्ण उताणं होता येत नाही.

आणि बाळ झाल्यावर नियम बरोब्बर उलटा हं, बाळाला पहिलं वर्षभर उताणंच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी आणि मऊ दुलया काहीही नको. दूध उलटून घशात अडकेल अशी सगळ्यांना भीती असते पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध श्वासात सहज जात नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पालथं ठेवायचं ते बाळ जागं असताना आणि आपण समोर असताना.

केवडा:
खूप खूप आभार सगळ्यांचे! माझी मुंगी अंगठ्याकडचीच आहे, पट्टा घेतेच. अजून एक, सासरे हल्ली एका उशीवर झोपूच शकत नाहीत, तीन-तीन उशा लागतात, कधी कधी तर उठून खुर्चीतच बसून झोपतात. म्हणतात आडवं झालं की दम लागतो. त्यांच्यासाठी कोणती उशी बरी?

पहाटवारा:
ताई, उशी शोधत बसू नका. आडवं झाल्यावर दम लागणं आणि उशा वाढत जाणं हे हृदय नीट पंप करत नसल्याचं लक्षण असू शकतं, फुप्फुसाचंही असू शकतं. उद्याच डॉक्टरांकडे न्या. तिथे या गोष्टी न विसरता सांगा: उशा कधीपासून वाढल्या, झोपेतून दम लागून उठतात का, पायाला सूज आहे का, थोड्या दिवसांत वजन वाढलंय का. आणि आज रात्री बसूनही दम थांबत नसेल किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

केवडा:
पायाला सूज आहे, मोज्यांचे वळ उठतात. आत्ताच नवऱ्याला सांगते.