मदत हवी आहे: मिरचीची रोपं उगवतात, पण आठवड्यात कोलमडतात

घरात खिडकीपाशी ९८ कप्प्यांचा प्रोट्रे (रोपं तयार करायचा ट्रे) आहे. त्यात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब पडेल इतकंच ओलं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर प्लॅस्टिक, तापमान २६ ते २८ अंश. ८व्या दिवशी पहिले कोंब दिसतात, शेवटचे थेट १५व्या दिवशी.

अडचण या मधल्या आठवड्यातली आहे. अजून न उगवलेल्या बियांसाठी प्लॅस्टिक ठेवलं, तर आधी उगवलेल्या रोपांचं खोड बुडाशी पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक पडतं आणि पानं हिरवी असतानाच रोप आडवं होतं. म्हणजे मर रोगच. कोंदट ओलीत पिथियमसारखी बुरशी झपाट्याने पसरते. प्लॅस्टिक काढलं, तर वरचा थर दुपारपर्यंत कोरडा होतो आणि बियांची टरफलं कडक होऊन कोवळ्या पानांवर टोपीसारखी अडकतात. ती ओढली की पानंच तुटतात.

पाणी वरून अजिबात नाही, बी उघडं पडतं. ट्रे उचलून हलका लागला तरच १ सेंटिमीटर पाण्यात १५ मिनिटं ठेवायचा, मग पूर्ण निथळू द्यायचा.

जाणकारांनी कृपया सांगावं: उगवलेले कप्पे कात्रीने कापून वेगळे केले तर मुळांना धक्का बसेल का? की निम्मं उगवलं की प्लॅस्टिक काढून उरलेल्या कप्प्यांवरच ओलं कापड टाकावं? आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर कोकोपीटमध्ये पेरणीआधीच मिसळायची असेल, तर किलोला किती?