अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) घरी बदलायचा आहे. कुठे चुकू शकतं?

नवशिका: इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा विझत नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर इंजिन बंद असताना १२.४ आणि चालू असताना १२.१ व्होल्ट. बेल्ट शाबूत आहे. पाने आणि सॉकेट सेट आहे, अनुभव ऑइल बदलण्यापुरताच. जमेल का?

वायरिंगवाला: जमेल, पण दोष अल्टरनेटरचाच आहे हे अजून ठरलेलं नाही. चालू इंजिनवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवेत. अल्टरनेटरच्या मागे जाड वायरचा नट असतो, तो बी प्लस. लाल पिन त्यावर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. बाह्या आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून लांब. तिथे १४ किंवा जास्त आणि बॅटरीवर १२ आले, तर मधली वायर किंवा मेन फ्यूज गेलाय. दोन्हीकडे १२ असेल तर मागचा छोटा कनेक्टर सैल आहे का, पिनांवर गंज आहे का ते बघा. तेही ठीक असेल तरच पाने काढा. काही अल्टरनेटरमध्ये कार्बन (घासून झिजणारे ब्रश) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) वेगळे बदलता येतात, आधी ते विचारून घ्या.

पाना नंबर १३: सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बी प्लस चावी बंद असतानाही बॅटरीला जोडलेलाच असतो. पाना तिथून बॉडीला टेकला की शॉर्ट. मग बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो काढा (आठवणीवर विसंबून बेल्ट उलटा घालणारे कमी नाहीत). टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पान्याने फिरवून बेल्ट उतरवा. कनेक्टरचं लॉक दाबा, वायर धरून ओढू नका.

बोल्ट काढूनही अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये अडकून बसतो, कारण त्याच्या कानातली (बोल्ट जातो त्या भोकातली) बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, घट्ट चावते. अॅल्युमिनियमच्या केसवर पहार लावलीत तर कान तुटेल. हलवत हलवत सोडवा. नव्याची बुश बसवण्यापूर्वीच हलक्या हातोडीने एक-दोन मिलिमीटर मागे ठोका, सहज सरकतो.

वायरिंगवाला: नवा आणि जुना शेजारी ठेवून पुलीच्या खाचा, कानांची जागा, कनेक्टर आणि अँपिअर जुळवा. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यात घ्या, मग आवळा. बी प्लसचा नट सैल राहिला तर तापून वायर जळते, जास्त आवळला तर स्टड तुटतो. स्टार्ट करण्याआधी बेल्ट प्रत्येक खाचेत बसलाय ना, बोट फिरवून पाहा. नंतर हेडलाइट आणि ब्लोअर लावून व्होल्ट मोजा. संगणकावर चार्जिंग चालणाऱ्या नव्या गाड्यांत आकडा वरखाली होतो, घाबरू नका.

नवशिका: बॅटरी फार उतरली तर जम्प करून (दुसऱ्या बॅटरीवर स्टार्ट करून) चालवत चार्ज करू?

पाना नंबर १३: नको, चार्जरवर लावा. रिकामी बॅटरी भरताना अल्टरनेटर बराच वेळ पूर्ण लोडवर तापतो, नवा असला तरी. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा संगणक) जाऊ शकतो.